वसंतातली साफसफाई आणि धुराड्यातली मुले

दिवाळीपूर्वी घरातले सामान अंगणात काढून होणारी झाडलोट आपण सर्वांनी पाहिली आहे. पावसाळ्याची ओल आणि बुरशी घालवण्याचा तो काळ. इंग्लंडमध्ये हेच काम वसंत ऋतूत होई, कारण तिथे घर मळवणारा ऋतू हिवाळा होता.

थंडीचे चार-पाच महिने खोल्याखोल्यांतल्या शेगड्यांमध्ये दगडी कोळसा जळत असे. त्याची काजळी पडद्यांवर, गालिच्यांवर, छतावर साचे. इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथात वसंतातल्या कामांची यादी आहे: गालिचे काढून झाडणे, स्वयंपाकघराला सफेदी देणे, आणि धुराडी साफ करून घेणे. आज बोलायचे आहे ते या शेवटच्या कामाविषयी.

हे काम टाळता येण्यासारखे नव्हते. नळीच्या आत काजळीचा थर जाड झाला की धूर खोलीत परते. कधी ती काजळीच पेट घेई आणि घराला आग लागे. शिवाय कोळशाच्या विस्तवाला ओढ चांगली मिळावी म्हणून नळ्या अरुंद बांधलेल्या असत. नेहमीचे माप होते १४ इंच बाय ९ इंच, म्हणजे फुलस्केप कागदाहून किंचित मोठे. त्यात वळणेही असत. अशा नळीत कोण मावणार? पाच-सहा वर्षांचे मूल.

ही मुले बहुधा गरीब घरांतली किंवा अनाथ असत. उमेदवारीच्या नावाखाली ती एखाद्या धुराडेवाल्या उस्तादाच्या हवाली केली जात. गुडघे व कोपरे टेकवत ती वर चढत. सुरुवातीला कातडी सोलवटून निघे, तेव्हा विस्तवाजवळ उभे करून जखमांवर मिठाचे तीव्र पाणी चोळले जाई, जेणेकरून कातडी निबर व्हावी. खुद्द या धंद्यातल्या माणसांनी हे सांगितले आहे. खरवडलेली काजळी शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाई, आणि तिचीच पोती मुलांचे अंथरूण-पांघरूण होत. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडेवाल्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. एखाद्या व्यवसायामुळे कर्करोग होतो, हे दाखवणारी ही पहिली ज्ञात नोंद मानली जाते.

मग दुसरा उपायच नव्हता का? होता, आणि विस्तव, धूर, काजळी यांच्या या सगळ्या कथेत मला सर्वांत खटकते ते हेच. १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्ट यांनी एकमेकांत बसणाऱ्या पोकळ नळ्यांच्या टोकाला ब्रश लावून खालूनच धुराडे झाडण्याचे साधन तयार केले. पुढे १८२८ मध्ये जोसेफ ग्लास यांनी ते सुधारले. तरीही अनेक घरमालकांचा हट्ट मुलांसाठीच असे. वाकड्या नळ्यांत ब्रश चालणार नाही, शिवाय काजळी उडून गालिचे खराब होतील, ही त्यांची तक्रार. बंदीचे विधेयक १८१९ मध्ये उमरावांच्या सभागृहाने फेटाळले. ज्यांच्या वाड्यांत सर्वांत जास्त धुराडी, त्यांचेच ते सभागृह.

कायदे झाले नाहीत असे नाही. १७८८ मध्ये आठ वर्षांची किमान वयोमर्यादा आली. १८४० च्या कायद्याने २१ वर्षांखालील कोणालाही नळीत चढवण्यास मनाई केली. परंतु तपासणी करणारी यंत्रणाच नसल्याने हे कायदे बरेचसे कागदावर राहिले. म्हणजे बीटनबाईंची ती नेटकी यादी छापली गेली, तेव्हा बंदीला वीस वर्षे उलटून गेली होती आणि मुले चढतच होती. १८६४ चा कडक कायदाही पुरा पडला नाही.

फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथील रुग्णालयात जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा नळीत अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले, पण तो वाचला नाही. त्याच्या उस्तादाला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हे प्रकरण लावून धरले आणि त्याच वर्षी नवा कायदा संमत झाला: प्रत्येक धुराडेवाल्याने पोलिसांकडून परवाना घ्यायचा, आणि अंमलबजावणीची जबाबदारी पोलिसांवर. स्मार्ट यांचा ब्रश तेव्हा ७२ वर्षांचा झाला होता.