सत्र, संशोधन आणि संसार : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यातील अध्यापिकेच्या वेळेचा इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापन, संशोधन व संसार यांचा एका सत्रात मेळ कसा घालावा, हा प्रश्न बहुधा वैयक्तिक नियोजनाचा म्हणून मांडला जातो. उजळणी वर्गांत त्यावर व्याख्याने होतात. पहाटे लवकर उठावे, कामांची यादी करावी, असे सल्ले दिले जातात. परंतु अध्यापकाच्या वेळेलाही इतिहास आहे. तो वेळ कोणी मोजला, कोणी वाढविला, कोणी कापला आणि कोणाच्या श्रमातून तो मिळाला, हे इतिहासाचेच प्रश्न आहेत. प्रस्तुत निबंधात त्यांचा विचार उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यापुरता करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखिका बदलापूरला राहते, उल्हासनगर परिसरातील एका महाविद्यालयात इतिहास शिकविते आणि निर्वासित वसाहतीतील स्त्रियांच्या जीवनावर काम करते. त्यामुळे या लेखनात तटस्थतेचा दावा करता येणार नाही.

एक राहिलेली मुलाखत

उल्हासनगरचा उगम सर्वश्रुत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी छावण्या उभारल्या गेल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच छावण्यांच्या बराकींत वसविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले. तरीही आजतागायत पत्ता सांगताना येथील माणूस ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतो. एवढा इतिहास पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदात मावतो. बराकीत चूल कोठे पेटत होती, पाणी कोण भरत होते, बाळंतीण कोठे झोपत होती, हे मात्र त्यात नाही. अशा गोष्टींची नोंद सरकारी कागदांत क्वचितच होते. ते सांगू शकणाऱ्या स्त्रियांपैकी ज्या १९४७ साली चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या, त्यांनी आता नव्वदी ओलांडली आहे.

द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने २०२३ च्या पावसाळ्यात सांगितले, “मॅडम, आमच्या पणजी बोलतील तुमच्याशी.” व्याख्याने संपल्यावर एका दुपारी मी तिच्या घरी गेले. जेमतेम वीस मिनिटे मिळाली, कारण पाळणाघर साडेपाचला बंद होते. त्या वीस मिनिटांत त्या वृद्धेने दोन गोष्टी सांगितल्या. बराकीत कुटुंबाकुटुंबांमध्ये गोणपाटाचे पडदे होते आणि त्या पडद्यांमुळे घरातले भांडण हळू आवाजात करावे लागे. मला ही दुसरी गोष्ट कोणत्याही दस्तऐवजात सापडली नसती. उरलेले दिवाळीच्या सुट्टीत बोलू, असे ठरले. दिवाळीपूर्वी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरायचे होते, सुट्टीत उत्तरपत्रिका आल्या, मग मुलीला ताप आला. सुट्टी संपली आणि दुसरे सत्र सुरू झाले. जानेवारीत विद्यार्थिनी तीन दिवस वर्गात नव्हती. चौथ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, “पणजी गेल्या.”

हा प्रसंग दुःखद असला तरी अपवादात्मक नाही, म्हणूनच येथे नोंदविला आहे. मौखिक इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाकडे असे एक तरी नाव असते. येथे प्रश्न एवढाच की ती मुलाखत राहिली ती कोणत्या व्यवस्थेमुळे?

सत्राची घडण

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी ही विभागणी होती. संशोधन हे त्यात कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना अध्यापन व संशोधनाची वाट मोकळी करून दिली आणि १९१९ मध्ये मुंबईत समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पण संलग्न महाविद्यालयातील शिक्षक मूळच्याच चौकटीत राहिला. त्याने पदवीच्या वर्गांना शिकवावे, हीच अपेक्षा होती. त्या चौकटीची एक बाजू त्याच्या सोयीची होती. परीक्षा वर्षातून एकदा होई. जूनमध्ये उघडलेली टर्म दिवाळीला संपे, दुसरी उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे आणि मधल्या दोन्ही सुट्ट्या खरोखर सुट्ट्या असत. जुन्या पिढीतील प्राध्यापकांचे ग्रंथ मे महिन्यात लिहिले गेले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

२०११–१२ या शैक्षणिक वर्षापासून मुंबई विद्यापीठाने श्रेयांकाधारित सत्र व श्रेणी पद्धती टप्प्याटप्प्याने लागू केली. तिच्यामागील शैक्षणिक हेतू चुकीचा होता, असे लेखिकेचे मत नाही. वर्षअखेरच्या एकाच परीक्षेवर विद्यार्थ्याचे भवितव्य टांगून ठेवणे क्रूर होते. मात्र परीक्षा वर्षातून दोनदा आली, तिच्याबरोबर अंतर्गत मूल्यमापन, पुनर्परीक्षा व गुणभरणीही दोनदा आली आणि दिवाळीची सुट्टी उत्तरपत्रिकांनी भरून गेली.

याच सुमारास दुसरा बदल घडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी ‘अधिव्याख्याता’ हे पद ‘सहायक प्राध्यापक’ झाले. आठवड्याला ४० तासांचा कार्यभार, त्यात सहायक प्राध्यापकासाठी १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आणि वर्षाला ३० कार्य-आठवडे, असे गणित मांडले गेले. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुण मिळू लागले. ज्या शिक्षकाकडून १८५७ पासून संशोधनाची अपेक्षाच नव्हती, त्याच्याकडून ते आता गुणांच्या रूपाने मागितले जाऊ लागले आणि ते नेमके अशा वेळी, जेव्हा त्याची सुट्टी परीक्षांनी व्यापली होती. २०१८ च्या विनियमांनी महाविद्यालयीन शिक्षकांवरील ही सक्ती पुष्कळ सैल केली, हे खरे. पण तोपर्यंत कसाबसा सहा पानांचा निबंध छापून घेण्याची सवय अंगवळणी पडली होती. प्रस्तुत लेखिकाही त्यातून सुटलेली नाही.

तीन पूर्वसूरी

संशोधनाची आठवण काढताना आपण ज्यांची नावे घेतो, त्यांचा वेळ कोठून आला हे पाहणे उपयुक्त ठरेल.

वि. का. राजवाडे यांची पत्नी तरुणपणीच निवर्तली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही; नोकरीतही ते फार काळ रमले नाहीत. गावोगाव दप्तरे शोधत हिंडणारा, हाताने स्वयंपाक करून जेवणारा हा माणूस १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करीत गेला. त्यांच्या आयुष्यात सत्रही नव्हते आणि संसारही नव्हता. त्यांच्या त्यागाविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, हा आदर्श नोकरी करणाऱ्या आईला काहीच सांगत नाही.

दुसरे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. या पट्ट्याशी त्यांचे एक नाते आहे, ते रुळांचे. मुंबई–ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली, १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत आणि १८५६ मध्ये बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचली. अंबरनाथ व बदलापूर तेव्हापासून मुंबईच्या वेळापत्रकात आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक असताना कोसंबी पुण्याहून मुंबईला ‘डेक्कन क्वीन’ने ये-जा करीत. म्हणजे ‘अॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्ट्री’ (१९५६) लिहिणारा इतिहासकार वर्षानुवर्षे बदलापूर आणि अंबरनाथ स्थानकांवरून, न थांबता, जात होता. ही गाडी आजही संध्याकाळी सहाच्या पुढे बदलापूरहून पुण्याकडे धडधडत जाते. मुलीला पाळणाघरातून घेऊन घरी निघताना तिची शिट्टी मला अनेकदा ऐकू येते.

त्या प्रवासाचे अप्रूप वाटते; पण त्याच्या दोन्ही टोकांना काय होते, हेही पाहिले पाहिजे. कोसंबी १९४५ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवीत होते आणि त्या काळातही त्यांनी आहत नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला, हे त्यांच्या प्रतिभेचे लक्षण आहे. पण मुंबईच्या टोकाला, टाटा संस्थेत, पदवीच्या वर्गांचे ओझे नव्हते. आणि पुण्याच्या टोकाला घर होते, जे नलिनीबाई सांभाळीत. पुण्याच्या टेकड्यांवर चालत सूक्ष्मपाषाण गोळा करण्यासाठी जी मोकळी सकाळ लागते, ती घरातील दुसऱ्या कोणाची तरी भरलेली सकाळ असते.

इरावती कर्वे यांचे उदाहरण याहून जवळचे आहे. बर्लिनहून पीएच.डी. मिळवून १९३० मध्ये त्या परतल्या. काही वर्षे महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. १९३९ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या डेक्कन महाविद्यालयात रुजू झाल्या. तीन मुले वाढत असताना त्यांनी गावोगाव मानवमितीची मोजमापे घेतली, हसमुख सांकळिया यांच्यासह लांघणज येथे उत्खनन केले आणि १९५३ मध्ये ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ प्रसिद्ध केले. पती दिनकर कर्वे स्वतः फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक होते. पत्नीच्या कामाचे मोल जाणणारे ते घर होते. ‘परिपूर्ती’ (१९४९) या त्यांच्या ललित निबंधात सभेतील मोठमोठ्या नात्यांनी झालेली ओळख अपुरी वाटते आणि मुलाच्या वर्गसोबत्यांनी त्याची आई म्हणून ओळखल्यावर ती पुरी होते. हा निबंध आपण शाळेत मातृत्वाचा गौरव म्हणून वाचला. आज वाचताना वेगळेच जाणवते. ज्या विदुषीला आपले संशोधन रोज सिद्ध करावे लागत नव्हते, तिलाच असा निबंध इतक्या निवांतपणे लिहिता आला. आणि डेक्कन महाविद्यालय ही पदव्युत्तर संशोधन संस्था होती. तेथे साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गाची हजेरी घ्यावी लागत नसे.

या तिघांपैकी एकानेही ज्याला आपण आज सत्र म्हणतो ते उल्हासनगरच्या महाविद्यालयात काढलेले नाही. तिघांनाही कमी लेखण्याचा यात हेतू नाही.

उसना वेळ

आता या पट्ट्यातील दिवस पाहू. पहिले व्याख्यान सकाळी सातच्या आसपास असते. बदलापूर ते उल्हासनगर अंतर दोनच स्थानकांचे, पण सकाळच्या मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये दोन स्थानकांसाठी दाराजवळ उभे राहणाऱ्यांना डब्यातील नेहमीच्या बायका फारसे प्रेमाने वागवीत नाहीत. पहिले सत्र पावसाळ्यात येते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान अडकली होती. तेवढे टोक गाठले नाही तरी दरवर्षी काही दिवस व्याख्याने बुडतात आणि पुढे शनिवारी भरून काढावी लागतात. तो शनिवार अभिलेखागाराचा असतो. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर आहे. जाण्यायेण्यात चार तास गेल्यावर वाचनासाठी जे उरते त्यात एखादी फाइल होते. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर, ज्यावरील लेख शके ९८२ चा आहे, घरापासून एका स्थानकावर आहे. विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जाण्याव्यतिरिक्त गेल्या पाच वर्षांत माझे तेथे जाणे झालेले नाही.

जो वेळ मिळतो, तो उसना असतो. मुलीची सकाळ सासूबाई काढतात. त्यांनी स्वतः अंबरनाथच्या एका कारखान्यात पाकिटे भरण्याचे काम केले आहे आणि त्यांच्या लहान मुलांना तेव्हा शेजारीण सांभाळीत असे. दुपार पाळणाघरातील ताईंकडे जाते. त्या ताईंची मुलगी त्या वेळी शिकवणीला असते. यजमान रात्री साडेनऊला ठाण्याहून परततात आणि भांडी घासतात, हे त्यांच्या पुरुष सहकाऱ्यांना सांगत नाहीत. ही साखळी तुटली की सर्वांत आधी थांबते ते संशोधन. वर्ग थांबत नाही, कारण तेथे हजेरी असते. स्वयंपाक थांबत नाही, कारण भूक असते.

नियमांनी काही सवलती दिल्या आहेत. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला मुदतीत दोन वर्षांची वाढ व २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपन रजा मिळू शकते. ही तरतूद महत्त्वाची आहे. पण ती विद्यापीठाचे घड्याळ मागे सरकविते, माहिती देणाऱ्या वृद्धेचे नव्हे. एम.फिल. ही पदवी तर २०२२ च्या विनियमांनी नव्याने देणेच थांबले. दीड-दोन वर्षांत, मर्यादित विषयावर, नोकरी सांभाळून एक लहान प्रबंध लिहिता येईल अशी ती एकमेव पायरी होती. माझ्या पदव्युत्तर वर्गातील मुलींना आता ती नाही. एका बराकीवर, एका पाणवठ्यावर, एका कारखान्याच्या स्त्रीकामगारांवर लिहिण्यासाठी तेवढेच माप योग्य होते, असे मला अजूनही वाटते.

स्थानिक इतिहास हा स्थानिक महाविद्यालयानेच लिहायचा असतो. दूरच्या संशोधन संस्थेला कॅम्प नंबर चारमध्ये येण्याचे कारण नसते. म्हणून या पट्ट्यातील अध्यापिकेचा वेळ हा केवळ तिच्या घरचा प्रश्न नाही. निदान दिवाळीच्या सुट्टीतील एक आठवडा क्षेत्रकार्यासाठी परीक्षाकामातून मोकळा ठेवावा आणि ते काम कार्यभारात धरावे, अशी सूचना लेखिकेने आपल्या महाविद्यालयात लेखी दिली आहे. तिच्यावर अद्याप चर्चा झालेली नाही.

दरम्यान वहीच्या मागच्या पानावर आणखी सात नावे आहेत. पाच उल्हासनगरची, दोन अंबरनाथची. सर्वांत लहान बाई ८६ वर्षांच्या आहेत. त्यांपैकी दोघींशी येत्या रविवारी सकाळी बोलायचे ठरले आहे. मुलगी बरोबर येणार आहे. पहिल्या आजींनी तिला कोकी खायला बोलावले आहे आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिला दुसऱ्या खोलीत कोणी बसवायचे, हे विद्यार्थिनींनी आपसांत ठरविले आहे.