आकाशातील वीजघराची दरखास्त

२५ डिसेंबर १९७३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, अमेरिकेच्या पेटंट कचेरीने ३७,८१,६४७ या क्रमांकाची सनद पीटर ग्लेझर नावाच्या अभियंत्यास दिली. सौर प्रारणाचे विजेत रूपांतर करण्याची रीत व त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री, एवढाच तिचा विषय शीर्षकात नोंदलेला होता. परंतु आत वर्णिलेले यंत्र भूमीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवावयाचे होते, आणि त्याने जमविलेली शक्ती तारांवाचून पृथ्वीवर उतरावयाची होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यात रोखली होती व काही महिन्यांतच तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्यामुळे जी कल्पना ग्लेझरने २२ नोव्हेंबर १९६८ च्या ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रथम मांडली होती व जी त्यानंतर पाच वर्षे केवळ जाणकारांच्या चर्चेत राहिली होती, ती एकाएकी सरकारदरबारी दाखल करून घेण्याजोगी दरखास्त ठरली.

अंतराळातील सूर्यशक्ती झोताच्या रूपाने ग्रहांकडे धाडण्याची कल्पना आयझॅक असिमॉव्ह या कथाकाराने १९४१ सालीच एका गोष्टीत योजिली होती. आणि तारांवाचून शक्ती दूरवर पोचविण्याच्या ध्यासापायी निकोला टेस्लाने त्याही आधी चार दशके न्यूयॉर्कजवळ एक उंच मनोरा उभारावयास घेतला होता व तो अपुराच राहिला होता. ग्लेझरचे श्रेय वेगळे आहे. चेकोस्लोव्हाकियात १९२३ साली जन्मलेला, महायुद्धानंतर अमेरिकेत आलेला, केंब्रिज येथील आर्थर डी. लिटल या सल्लागार पेढीत नोकरीस असलेला हा गृहस्थ स्वप्नाळू नव्हता. ॲपोलो ११ च्या प्रवाशांनी चंद्रावर ठेवलेल्या लेसर-परावर्तकाच्या कामाची जबाबदारी त्याने वाहिलेली होती, आणि अवकाशात पाठवावयाच्या वस्तूचे वजन, उष्णता व खर्च यांचा मेळ कसा घालावा लागतो हे तो अनुभवाने जाणत होता. त्याचा युक्तिवाद सरळ होता. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर एक चौरस मीटर क्षेत्रावर सूर्य सुमारे १,३६० वॅट शक्ती ओततो. तेथे ढग नाहीत, धूळ नाही, आणि विषुववृत्ताच्या माथ्यावर पृथ्वीच्याच गतीने फिरणाऱ्या भूस्थिर कक्षेत रात्रही जवळजवळ नाही, कारण विषुवदिनांच्या मागेपुढे काही आठवडे मध्यरात्रीच्या सुमारास जास्तीत जास्त ७२ मिनिटे तो उपग्रह पृथ्वीच्या छायेत जातो, एवढेच काय ते ग्रहण. जमिनीवरील सौरशक्तीचे दोन जुने वैरी, रात्र व पाऊस, यांतून अशा रीतीने सुटका होते. आणि ज्या मुलखात वर्षाचे चार महिने आकाश भरलेले असते तेथील वाचकाला या सुटकेचे मोल निराळे सांगावयास नको.

शक्ती वर जमली तरी ती खाली आणावयाची कशी, या प्रश्नाचे उत्तर ग्लेझरला विल्यम ब्राउन या दुसऱ्या अभियंत्याकडून मिळाले. ब्राउन रेथिऑन या कंपनीत होता. युद्धकाळात रडारसाठी सूक्ष्मलहरींच्या नळ्या बनविणारी आणि पुढे त्याच नळ्यांतून स्वयंपाकाचा मायक्रोवेव्ह जन्मास घालणारी ती हीच कंपनी. सूक्ष्मलहरी झेलून त्यांचे तत्क्षणी एकदिश विजेत रूपांतर करणारे बारीक शृंगक व डायोड यांचे जाळे ब्राउनने सिद्ध केले, त्याला रेक्टेना असे नाव पडले. आणि १९६४ साली त्याने दोरांच्या आधाराने वर ठेवलेले एक छोटे हेलिकॉप्टर केवळ खालून सोडलेल्या झोताच्या बळावर तासन्‌तास तरंगत ठेवून दाखविले. पुढे १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, गोल्डस्टोन येथील दूरसंपर्क केंद्रात, २६ मीटर व्यासाच्या तबकडीतून दीड किलोमीटरवर उभ्या केलेल्या रेक्टेनाच्या चौकटीवर झोत सोडण्यात आला, आणि तेथे ३० किलोवॅटहून अधिक वीज हाती येऊन दिव्यांची एक रांग उजळली. चौकटीवर जेवढी शक्ती पडली तिच्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक विजेच्या रूपाने मिळाली. हा आकडा मला त्या सबंध इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या योजनेचा भौतिकशास्त्रीय भाग संशयास्पद आहे हा आक्षेप त्या दिवसानंतर प्रामाणिकपणे घेता येण्यासारखा राहिला नाही.

मग अडले कोठे, हे समजण्यासाठी लहरींच्या एका नियमाकडे नीट पाहिले पाहिजे. कारण या दरखास्तीचे पुढील सारे भाग्य त्यात बांधलेले आहे. कोणताही झोत जसजसा दूर जातो तसतसा पसरतो, आणि त्याचा पसारा किती असावा हे पाठविणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसते: पाठविणाऱ्या तबकडीचा व्यास आणि झेलणाऱ्या क्षेत्राचा व्यास यांचा गुणाकार अंतर व लहरलांबी यांच्या गुणाकाराहून फार लहान करता येत नाही. पाऊस व ढग यांतून विनासायास जाणारी लहर निवडली, तर तिची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर येते. ३६,००० किलोमीटर अंतराशी तिचा गुणाकार केला की वर एक किलोमीटर व्यासाचे शृंगक आणि खाली दहा किलोमीटरांच्या आसपास व्यासाचे शेत, याखेरीज गत्यंतर उरत नाही. वरचे लहान केले तर खालचे तेवढेच मोठे होते. पाच गिगावॅटऐवजी पाच मेगावॅटच पाठवावयाचे ठरविले तरी हे दोन्ही व्यास जागचे हलत नाहीत. अर्थात ही अशी विद्या आहे की जिला बाल्यावस्था नाही. विहिरीवरच्या एका पंपापुरती, एका खेड्यापुरती, एका गिरणीपुरती ती भूस्थिर कक्षेतून करून पाहता येत नाही, आणि थोड्या भांडवलाने आरंभ करून नफ्यातून वाढत जाण्याचा जो मार्ग इतर बहुतेक उद्योगांनी चोखाळला तो तिला मुळातच बंद आहे.

१९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचे ऊर्जा खाते व नासा यांनी मिळून या दरखास्तीची जी तपासणी केली, तिच्या आराखड्यात हे सर्व अवाढव्य आकडे उतरलेले दिसतात. एकेक उपग्रह सुमारे दहा किलोमीटर लांब व पाच किलोमीटर रुंद. त्याचे वजन ३५,००० ते ५०,००० टन. त्याने जमिनीवर द्यावयाची शक्ती पाच गिगावॅट, म्हणजे आपल्या कोयना प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून जी क्षमता आहे तिच्या अडीचपट. आणि असे साठ उपग्रह, दर वर्षी दोन याप्रमाणे तीस वर्षांत उभारावयाचे. पस्तीस अंश अक्षांशावर खालचे शेत १३ किलोमीटर लांब व १० किलोमीटर रुंद असे लंबवर्तुळाकार होते, म्हणजे क्षेत्रफळ शंभर चौरस किलोमीटरांच्या थोडे वर, बृहन्मुंबईच्या जवळपास सहावा हिस्सा. (मुंबईच्या अक्षांशावर हेच लंबवर्तुळ अधिक वाटोळे व काहीसे लहान होईल.) ही जमीन वाया मात्र जात नाही, जाळी विरळ असल्यामुळे ऊन व पाऊस तिच्यातून खाली उतरतात, म्हणून तिच्याखाली पिके घेता येतील असा योजकांचा दावा होता.

त्या तपासणीची कसोशी पाहून मनात आदर उत्पन्न होतो. झोताच्या मध्यभागी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला २३ मिलिवॅट, म्हणजे मध्यान्हीच्या उन्हाच्या चौथ्या हिश्शाहून कमी, ठेवण्यात आली होती, व कडेला ती एका मिलिवॅटवर उतरत होती. तरीही मधमाश्यांवर या लहरी सोडून त्यांच्या वर्तनात काही फरक पडतो काय हे पाहण्यात आले, पक्ष्यांचा विचार झाला, आणि वरच्या आयनांबरात झोतामुळे उष्णता वाढून रेडिओसंदेशांत बिघाड होईल काय हे तपासण्यासाठी आरेसिबो व कोलोरॅडो येथून प्रयोग केले गेले. झोत भरकटला तर काय, या लोकांच्या मनातील भयाचेही उत्तर आराखड्यात होते: जमिनीवरील शेताच्या मध्यातून एक मार्गदर्शक संकेत सतत वर जावयाचा, त्याच्याच आधारे वरचे हजारो घटक एकतालात राहावयाचे, आणि तो संकेत तुटला की झोत आपोआप विखरून निरुपद्रवी व्हावयाचा. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांची हरकत मात्र इतक्या सहज मिटणारी नव्हती. अब्जावधी वॅटांच्या झोताचा लक्षांशही शेजारच्या लहरपट्ट्यांत सांडला तरी दूरच्या दीर्घिकांचा क्षीण आवाज त्यात बुडून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि नारायणगावजवळ खोडद येथे पुढे उभ्या राहिलेल्या तीस तबकड्यांच्या दुर्बिणीचे काम ज्याने समजून घेतले आहे त्याला ही कैफियत रास्तच वाटेल.

परंतु दरखास्त बुडाली ती मधमाश्यांपायी नव्हे आणि दीर्घिकांपायीही नव्हे. ती मालवाहतुकीच्या बाबीवर बुडाली. ५०,००० टन सामान केवळ पृथ्वीलगतच्या कक्षेपर्यंत न्यावयाचे तरी चंद्रावर माणसे नेणारे सॅटर्न ५ सारखे सुमारे चारशे अग्निबाण एका उपग्रहाला लागले असते, आणि तेथून भूस्थिर कक्षेपर्यंतची वाट पुन्हा वेगळी. योजकांची सगळी भिस्त पुनःपुन्हा वापरता येणाऱ्या यानांवर होती. स्पेस शटलचे पहिले उड्डाण १२ एप्रिल १९८१ रोजी झाले. परंतु ज्या यानाकडून वर्षाला डझनावारी खेपांची अपेक्षा होती त्याने आपल्या सर्वांत भरभराटीच्या, १९८५ सालीही नऊच खेपा केल्या, आणि पुढच्याच जानेवारीत चॅलेंजरचा अपघात झाला. चंद्रावरची माती वापरून अंतराळातच उपग्रह बांधावे, म्हणजे पृथ्वीच्या ओढीविरुद्ध वजन उचलावेच लागणार नाही, हा प्रिन्स्टनच्या जेरार्ड ओनीलचा तोडगा बुद्धीला मोह घालणारा होता. परंतु त्यासाठी आधी चंद्रावर खाण काढावी लागली असती. १९८१ साली नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने पुढील सुमारे दहा वर्षे या योजनेच्या प्रत्यक्ष विकासासाठी निधी देऊ नये असा अभिप्राय दिला. तेलाचे भावही उतरू लागले होते. दप्तर बांधून ठेवण्यात आले.

त्याच दशकांत तोच सौरघट जमिनीवर काय करीत होता, हे पाहण्यासारखे आहे. बेल प्रयोगशाळेने १९५४ साली तो प्रथम दाखविला तेव्हा उन्हाचा जेमतेम सहा टक्के भाग त्याच्या हाती लागत असे, आणि त्याला पहिले कदरदान गिऱ्हाईक अवकाशानेच दिले: १९५८ चा व्हॅनगार्ड १ हा चिमुकला उपग्रह. परंतु सौरघट एकेक करून विकता येतो. आज गणकयंत्रात, उद्या दीपस्तंभावर, परवा घराच्या छपरावर असा तो पसरत गेला. १९७७ च्या सुमारास एका वॅटला सत्तर डॉलरांहून अधिक पडणारा त्याचा भाव आज अर्ध्या डॉलरच्याही खाली आहे. ग्लेझरच्या उपग्रहाला हा मार्ग कधीच लाभला नाही. त्याचे पंख स्वस्त झाले हे खरे, पण त्याचा प्रतिस्पर्धी त्याच पंखांनी अधिक स्वस्त झाला. आणि आता आकाशातील वीजघराला कोळशाशी टक्कर द्यावयाची नसून जमिनीवरील सौरपट्ट व विद्युत्‌घटमाला यांच्या जोडीशी द्यावयाची आहे.

तरी दरखास्त निकालात निघाली असे म्हणता येत नाही. जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या मात्सुमोतो यांनी १९८३ साली अग्निबाणातून आयनांबरात सूक्ष्मलहरी सोडून पाहिल्या, आणि त्या देशाने हे काम तेव्हापासून सहसा खंडित होऊ दिले नाही. २०१५ साली तेथे ५०० मीटर अंतरावर १० किलोवॅट पाठविण्यात आले. भारतात डॉ. अब्दुल कलाम यांनी २०१० साली अमेरिकेच्या नॅशनल स्पेस सोसायटीबरोबर या विषयात संयुक्त प्रयत्नाचा पुरस्कार केला. ज्या देशाची विजेची भूक वाढती आहे आणि ज्याच्याकडे अग्निबाणविद्या स्वतःची आहे, अशा देशाच्या माजी राष्ट्रपतीने हा विषय हाती घ्यावा यात मला दूरदृष्टी दिसते, जरी त्यातून मोठे काम उभे राहिले नाही तरी. २०२३ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या छोट्या उपकरणाने कक्षेत असताना हातभर अंतरावरील दोन दिवे तारांवाचून लावून दाखविले आणि पॅसाडिनातील आपल्याच इमारतीच्या छपरावर आपल्या झोताची अत्यंत क्षीण खूणही पोचविली. उलट जानेवारी २०२४ च्या नासाच्या अहवालाने अशा विजेचा खर्च जमिनीवरील पर्यायांच्या १२ ते ८० पट धरला, आणि त्या खर्चातील सर्वांत मोठी बाब, चाळीस वर्षांपूर्वीप्रमाणेच, सामान वर नेण्याची होती.

वाहतुकीचा दर आता खरोखरच उतरू लागला आहे, कारण परत येऊन उभे राहणारे अग्निबाण ही नित्याची गोष्ट झाली आहे. परंतु गोल्डस्टोनचा दीड किलोमीटर आणि भूस्थिर कक्षेचे ३६,००० किलोमीटर यांच्यामधील बहुतेक पायऱ्या अद्याप रिकाम्या आहेत. कक्षेतून उतरलेल्या शक्तीवर जमिनीवरचा एखादा पंप चालविण्याचा प्रयोग आजवर कोणी केलेला नाही. काही शे किलोमीटर उंचीवरून, लहान लहरलांबी घेऊन आणि बरीचशी शक्ती वाया जाईल हे आधीच मान्य करून, तो करता येईल. त्यातून वीज विकण्याजोगी मिळणार नाही, म्हणून कोणतीही कंपनी त्याचा खर्च उचलणार नाही; तो सरकारांनीच उचलावयास हवा, आणि भारत सरकारने त्यात आपली वर्गणी घालावी असे मला मनापासून वाटते.