वाऱ्याची वही

समुद्रात सडक नसते. मग जहाज कुठून न्यायचं हे कसं ठरतं? आज आपण त्याचाच इतिहास ऐकू.

पूर्वी जहाजं शिडावर चालायची. वारा पडला की जहाज दिवसेंदिवस जागीच. कप्तान रोज वहीत लिहायचा: आज कुठे आहोत, वारा कुठून आहे, पाण्याची ओढ कशी आहे. सफर संपली की वही अडगळीत जायची.

अमेरिकेच्या नौदलात मॅथ्यू मॉरी नावाचे अधिकारी होते. १८३९ मध्ये अपघातात त्यांचा पाय मोडला. पुढे १८४२ मध्ये नकाशांचं कार्यालय त्यांच्याकडे आलं. तिथे जुन्या वह्यांचे ढीग होते. कोणत्या महिन्यात, कुठे, कसा वारा असतो, हे त्यांनी त्यातून काढलं आणि १८४७ पासून नकाशे छापले. कप्तानांना नकाशा फुकट. अट एकच, आपल्या नोंदी पाठवायच्या.

या माहितीचं सोनं केलं एका बाईने. तिचं नाव एलेनॉर क्रीसी. जहाजावर जाणाऱ्या वडिलांनी तिला सूर्य-ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायला शिकवलं होतं. 'फ्लाइंग क्लाउड' जहाजावर नवरा कप्तान होता आणि वाट काढायचं काम तिचं. २ जून १८५१ ला ते न्यूयॉर्कहून निघाले. पनामा कालवा तेव्हा नव्हता, त्यामुळे अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं. बऱ्याच जहाजांना सहा महिने लागत. यांच्या तर डोलकाठ्यांचे शेंडेही वाटेत मोडले. तरी ८९ दिवस २१ तासांत जहाज पोचलं!

आम्ही ही गोष्ट गटात सांगितली, तेव्हा एकीने विचारलं, "जवळची वाट सोडून लांबून कशाला जायचं?" अगं, ओढ्याला पूर आला की आपणही पुलावरून वळसा घेतोच ना? समुद्रातही तसंच. वारा सोबत असेल तर लांबची वाट लवकर संपते.

आज उपग्रहावरून हवामानाचा अंदाज मिळतो. वादळ टाळून जहाज वळवलं की माणसं सुखरूप राहतात, इंधनही वाचतं. तरीही अनेक जहाजं आजही समुद्रावरून हवेच्या नोंदी पाठवतात.

आपण मात्र पाऊस कधी आला, पेरणी कधी केली, हे नुसतं बोलतो. एकीची नोंद एकीपुरती. दहा जणींनी चार वर्षं लिहिलं, तर गावाला उपयोगी पडेल. बचतीची वही आपण ठेवतोच. तिच्या मागच्या पानावर आजपासून पाऊसही लिहू या.