न खणलेल्या कालव्यांचे बेट

सेंट पीटर्सबर्ग शहराच्या १८ प्रशासकीय विभागांपैकी वासिलेओस्त्रोव्स्की हा एक. नेवा नदी फिनलंडच्या आखाताला मिळते तेथे तिला फाटे फुटून बेटे तयार झाली आहेत. त्यांतले वासिल्येव्स्की हे मोठे बेट आणि शेजारचे देकाब्रिस्तोव्ह बेट मिळून हा विभाग बनतो. त्याच्या नकाशात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. बेटाच्या लांबीने जाणारे तीन हमरस्ते आहेत : मोठा, मधला आणि लहान. त्यांना काटकोनात छेदणाऱ्या बहुतेक रस्त्यांना मात्र नावे नाहीत, नुसते क्रमांक आहेत. आणि तेही एका रस्त्याला दोन दोन! रस्त्याची एक बाजू 'दुसरी लाइन', तर समोरची 'तिसरी लाइन'. समोरासमोर राहणाऱ्या शेजाऱ्यांचे पत्ते वेगळ्या लाइनींवरचे. असे का बरे असावे?

कारण हे रस्ते मुळात रस्ते म्हणून आखलेलेच नव्हते. १७०३ मध्ये शहर वसवणाऱ्या झार पहिल्या पीटरने हॉलंड पाहिले होते, आणि नव्या राजधानीचे केंद्र याच बेटावर, अ‍ॅमस्टरडॅमच्या धर्तीवर, कालव्यांच्या काठी असावे असे त्याच्या मनात होते. दोमेनिको त्रेझ्झिनी या वास्तुविशारदाने १७१५-१६ च्या सुमारास तसा आराखडा केला. प्रत्येक कालव्याच्या दोन काठांवर घरांची एकेक रांग, आणि प्रत्येक रांग म्हणजे एक 'लाइन'. मधून होड्या जायच्या होत्या. काही कालवे खणलेही गेले, पण जाळे कधीच पुरे झाले नाही. खणलेले अठराव्या शतकातच बुजवण्यात आले. पीटरचा उजवा हात असलेल्या मेन्शिकोव्हने ते फार अरुंद खणले म्हणून झार संतापला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गमतीची आहे, पण आम्हाला ती आख्यायिका वाटते. कालवे गेले, काठांचे क्रमांक तेवढे उरले.

बेटाला राजधानीचे केंद्र होऊ दिले नाही तेही पाण्यानेच. नेवावर पहिला कायमचा पूल झाला १८५० मध्ये. त्याआधी होड्या जोडून केलेला तरता पूल असे, आणि शरद ऋतूत व वसंतात नदीतून बर्फाचे तुकडे वाहू लागले की तो काढून ठेवावा लागे. तेवढे दिवस बेटाचा संपर्क तुटायचा. जेथून कागद पलीकडे पोचत नाही तेथून राज्यकारभार कसा हाकणार? सरकारी खात्यांसाठी त्रेझ्झिनीने एका ओळीत, एकमेकींना चिकटून बारा सारख्या इमारती बांधायला घेतल्या होत्या (१७२२-१७४२). पण खाती हळूहळू नदीपलीकडे गेली आणि १८३० च्या दशकात ही जवळपास ४०० मीटर लांबीची वास्तू विद्यापीठाला मिळाली. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने आवर्तसारणी मांडली तेव्हा तो याच वास्तूत राहत होता. मंत्री गेले आणि विद्वान राहिले, असा हा सौदा. आमच्या मते बेटाचा त्यात फायदाच झाला. विज्ञान अकादमीचे मुख्य ठाणेही १९३४ मध्ये मॉस्कोला हलेपर्यंत येथेच होते. आपल्याकडचे संस्कृतचे अभ्यासक ज्याला 'सेंट पीटर्सबर्ग कोश' म्हणतात तो ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश याच अकादमीने १८५५ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केला.

कालव्यांतून जे पाणी आले नाही ते न बोलावता आले. ७ नोव्हेंबर १८२४ रोजी (आजच्या पंचांगाप्रमाणे १९ नोव्हेंबर) पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा ४ मीटर २१ सेंटिमीटर चढले. सर्वांत मोठा तडाखा बसला तो बेटाच्या पश्चिम टोकाला, गालेरनाया गावान या वस्तीला. तेथे छोटे कारकून आणि खलाशी लाकडी घरांतून राहत. घरे वाहून गेली, जहाजे रस्त्यांवर येऊन पडली आणि शहरात शेकडो माणसे मेली. पुश्किनचे 'ब्राँझचा घोडेस्वार' हे काव्य याच पुरावर आहे.

हा पूर आला कोठून? वारा नदीचे तोंड अडवतो आणि पाणी तुंबते, असे पूर्वी लोक समजत. हिशेब करून पाहू या; वर्गातही करण्यासारखा आहे. नेवातून सेकंदाला सरासरी २५०० घनमीटर पाणी वाहते, म्हणजे तासाला ९० लाख घनमीटर. शहरासमोरच्या उथळ उपसागराचे क्षेत्रफळ ३५० चौरस किलोमीटर धरू. उपसागराचे तोंड पूर्ण बंद केले आणि नदीचे सगळे पाणी त्यात साठू दिले, तरी पातळी तासाला फार तर अडीच सेंटिमीटर चढेल. बारा तासांत ३० सेंटिमीटर! शिवाय ७४ किलोमीटर लांबीची ही नदी निघते लादोगा या प्रचंड सरोवरातून, त्यामुळे पावसाने तिला एकाएकी पूर येत नाही. मग चार मीटर कोठून आले? समुद्रातून. बाल्टिकवरून पूर्वेकडे जाणारे चक्रीवादळ एक लांबलचक लाट आखातात ढकलते. आखात पुढे अरुंद आणि उथळ होत जाते, तशी लाट उंचावते. पश्चिमेचा वारा तिला आणखी जोर देतो.

एवढे लक्षात आले की कालव्यांनी पूर ओसरला असता ही समजूतही टिकत नाही. समुद्रच चढला तर कालव्याने पाणी न्यायचे कोठे? लाट अडवायची तर ती आखातातच. १८२४ नंतर बाझेन या अभियंत्याने उपसागरावर बांध घालण्याची योजना मांडली होती. ती कागदावरच राहिली आणि १९२४ च्या सप्टेंबरात पाणी पुन्हा ३ मीटर ८० सेंटिमीटर चढले. बांधाचे काम सुरू झाले ते १९७९ मध्ये. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याला मोठा विरोध झाला. पाणी कोंडले तर शहराचे सांडपाणी उपसागरात साचून राहील, ही भीती होती. सांडपाणी तेव्हा पुरेसे शुद्ध होत नसल्याने ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. काम अनेक वर्षे रखडले. अखेर २०११ मध्ये २५ किलोमीटरांहून लांब बांध पुरा झाला. त्याचे दरवाजे एरवी उघडे असतात आणि वादळाची सूचना मिळाली की बंद करतात. त्याच वर्षी डिसेंबरात आलेली लाट त्यांनी अडवली.

दरम्यान बेट पश्चिमेकडे वाढू लागले आहे. गालेरनाया गावानच्या बाजूलाच समुद्रात भराव घालून प्रवासी जहाजांचा धक्का झाला, २००८ पासून तेथे जहाजे लागू लागली, आणि भरावावर उंच इमारती उभ्या राहिल्या. १८२४ मध्ये लाट ज्या बाजूने आली तीच ही बाजू.