मानपूरचा घाट आणि एकशे सत्तर रुपये



आपल्या इंदूरच्या आठवणींत आजवर राजवाडा झाला, गणेशोत्सव झाला, सराफ्यातली खादाडी तर दर आठवड्याला होते. मी आज गाडीच्या ब्रेकवर लिहिणार आहे. हसू नका. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

निमित्त घरातलंच. मागच्या रविवारी नातू आमच्या अन्नपूर्णा रोडच्या घरी आला आणि म्हणाला, "आजोबा, वॅगन-आरचे पॅड संपत आलेत. आता बदलायचेच आहेत तर अपग्रेडच करू या ना." मोबाईलवर चित्रं दाखवली. भोकं पाडलेल्या डिस्क, लाल रंगाचे कॅलिपर, मागच्या ड्रमच्या जागीही डिस्क. आकडा ऐकून माझ्यातला बँकवाला जागा झाला. पण आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट आठवली आणि मी गप्प बसलो. ती गोष्ट मी छत्तीस-सदतीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही.

१९८६ साली बँकेच्या वाहन-कर्जावर मी जुनी पद्मिनी घेतली, १९७६ चं मॉडेल. आमच्या पिढीला पद्मिनी म्हणजे काय ते सांगायला नको. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी. मुळात ती इटलीची फियाट ११००. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी नाव मिळालं, तरी आपण शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणालो. गियर स्टिअरिंगला, हॉर्न गोड, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक.

हे ड्रम ब्रेक कसे असतात ते थोडं सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. चाकाबरोबर एक लोखंडी डबा फिरतो, तो ड्रम. आत दोन चंद्रकोरीसारखे शू, त्यांच्या पाठीवर लायनिंग. पायाने पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑईल नळ्यांतून चाकापर्यंत दाब नेतं, तिथला छोटा व्हील सिलिंडर शूंना बाहेर ढकलतो आणि लायनिंग ड्रमला आतून घासतं. व्हील सिलिंडरमध्ये बोटाच्या पेराएवढे रबरी वॉशर असतात. सगळं ऑईल त्यांच्या भरवशावर थांबलेलं असतं. माझ्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच सर्किट होतं, म्हणजे एका चाकात गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन वेगळी सर्किटं सक्तीची होती. आपल्याकडे मात्र गाडी मिळाली हेच भाग्य समजायचे दिवस.

लायनिंगचीही गंमत आहे. हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रज गृहस्थाने डर्बीशायरच्या डोंगराळ भागात पाहिलं की उतारावर गाडीवान लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुना बूट ठोकून लावतात. कातड्याने पकड बरी येते. त्यावरून त्याने १८९७ साली ब्रेकच्या लायनिंगचा धंदा सुरू केला, आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात एक 'ई' घातला, फेरोडो. त्याच नावाचा आपल्याकडचा कारखाना, हिंदुस्तान फेरोडो, मुंबईत घाटकोपरला होता. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. मिस्त्री ड्रम उघडून आतली धूळ तोंडाने फुंकून उडवायचे आणि आम्ही शेजारी चहा पीत उभे. ती धूळ फुप्फुसाला किती वाईट, हे कुणी सांगितलं नव्हतं. आता पॅडच्या खोक्यावर 'ॲस्बेस्टॉस-फ्री' छापलेलं असतं ते त्यासाठी.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

१९८८ ची दिवाळी झाली. आईच्या मनात कार्तिक पौर्णिमेला महेश्वरला नर्मदास्नान करायचं होतं. त्या दिवशी गुरुनानक जयंतीची बँकेला सुट्टीही होती. आठ दिवस आधी मी गाडी महू नाक्याजवळच्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. आपल्या कॉलनीतल्या निम्म्या गाड्या त्यांच्याकडे असत.

त्यांनी चारही ड्रम उघडले, बोटाने लायनिंग चाचपलं आणि म्हणाले, "साहब, चारों व्हील की किट और लाइनिंग दोनों बदलना पड़ेगा. ओरिजिनल डालूँ या लोकल?"

मी विचारलं, फरक किती? ओरिजिनल दोनशे नव्वद, लोकल एकशे वीस.

आता बघा, मी बी.कॉम.चा माणूस. शाखेत लोकांचे ताळेबंद तपासायचो. एकशे सत्तर रुपयांचा फरक म्हटल्यावर मी ताबडतोब हिशेब केला की एवढ्यात पेट्रोलची टाकी बऱ्यापैकी भरेल. उस्ताद म्हणाले, "घाट उतरना है, साहब. सोच लो." मी म्हणालो, लोकल घाला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पौर्णिमेला पहाटे निघालो. मी, बायको, आई, माझी सहा वर्षांची मुलगी आणि धाकटा भाऊ. मागे डबे, आईची पूजेची पिशवी, ओल्या कपड्यांसाठी बादली. महू गेलं, मानपूर आलं. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना माहीत आहे, मानपूरनंतर माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महेश्वर १५० च्या आसपास. अधलं बरंचसं अंतर घाटातच खाली येतं.

आणि तिथे मी दुसरी काटकसर केली. उतार लागला तशी गाडी न्यूट्रलला टाकली, पेट्रोल वाचवायला. तेव्हा सगळेच असं करायचे. न्यूट्रल म्हणजे इंजिनाची ओढ नाही, सगळा भार ब्रेकवर.

माझा भाचा इंजिनिअर आहे. त्याने मला पुढे कधीतरी कागदावर गणित करून दाखवलं. माणसांसकट बाराशे किलोची गाडी चारशे मीटर खाली आणायची तर जेवढी उष्णता निर्माण होते, तेवढ्यात पंधरा लिटर गार पाणी उकळीला येईल. काही भाग हवा खाते, काही इंजिन. इंजिनाचा वाटा मी स्वतःच काढून घेतला होता. उरलेलं सगळं त्या चार डब्यांत. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून लांब जातो, म्हणून पेडल अधिकाधिक खोल जातं. लायनिंग तापलं की त्याची पकड सुटते. आणि रबर वाईट असेल तर ते या उष्णतेत दगा देतं.

दोन वळणं उतरलो. तिसऱ्याला पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. चौथ्याला मी पाय मारला आणि पेडल सरळ फरशीला टेकलं. पुढे कापसाने भरलेला ट्रक रांगत होता.

मी गियर शोधायला लागलो. न्यूट्रलमधून वेगात असताना पडेना, दाढ दुखावी तसा आवाज करत एकदाचा दुसरा पडला. हँडब्रेक भावाने ओढला, दोन्ही हातांनी. डावीकडे रस्त्याच्या कामासाठी गिट्टीचा ढीग टाकलेला होता, मी गाडी त्यात घातली. ढिगात चाकं रुतली, गाडी तिरपी झाली आणि थांबली. काच फुटली नाही. मुलगी रडलीसुद्धा नाही, फक्त विचारलं, "पोचलो का?"

आईने समोरच्या सीटवर हात टेकवून स्वतःला सावरलं होतं. तिचं उजवं मनगट मोडलं.

नर्मदास्नान राहिलं. धामनोदहून एक मिस्त्री आला, त्याने चाकं काढली. पुढच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरमधला रबरी वॉशर भिजलेल्या पापडासारखा झाला होता. ऑईल गळून लायनिंगवर आलं होतं आणि लायनिंग काळं, काचेसारखं गुळगुळीत. तो म्हणाला, "डुप्लिकेट माल है." मी मान हलवली.

आईचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण मनगट पूर्ण वळेना. पोळ्या लाटायचं तिने सोडलं. वाती मात्र डाव्या हाताने वळायला शिकली. १९९६ ला ती गेली.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगतो. परत आल्यावर कॉलनीत सगळे विचारायला आले. प्रत्येकाचं एकच, "आठ दिवसांपूर्वी तर ब्रेक केले होते ना? मिस्त्रीनेच फसवलं." दोघं-तिघं शेजारी तावातावाने उस्तादांकडे गेले, मीही बरोबर होतो. त्यांनी उस्तादांना नको ते सुनावलं. उस्तादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी तिथेच उभा होतो आणि बोललो नाही. ते म्हणाले, "साहब की माताजी को चोट लगी, मुझे अफ़सोस है." बस, एवढंच. 'साहबांनी लोकल सांगितलं होतं' हे वाक्य ते सहज म्हणू शकले असते.

त्यानंतर आपल्या बाजूच्या गाड्या त्यांच्याकडे जायच्या हळूहळू बंद झाल्या. वर्षभरात त्यांनी जागा सोडली. कुठे गेले, मी चौकशी केली नाही.

मी स्वतः मात्र त्या दिवसापासून ब्रेकच्या बाबतीत अतिरेकी झालो, हे घरचे सांगतील. १९९४ ला मारुती ८०० घेतली. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क होत्या. उघड्यावर असल्याने डिस्क लवकर गार होते, घाटात केवढा फरक पडला! माझ्या त्या चुकीनंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत गाड्या खूप सुधारल्या. एप्रिल २०१९ पासून तर प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. आणि ज्या रस्त्याने आम्ही घाटाकडे निघालो होतो, त्याच बाजूला पीथमपूरला सुमारे ३००० एकरांवर नॅट्रॅक्सचा परीक्षण-मार्ग उभा आहे. २०२१ मध्ये तिथला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक सुरू झाला. ब्रेकच्या चाचणीसाठी वेगळा ट्रॅक आहे, त्यावर मुद्दाम निसरडे पट्टे केलेत. गाडी एका बाजूने ओढते का, घसरते का, हे तिथे तपासतात.

नातवाला मी हेच सांगितलं. कंपनीने पुढच्या डिस्क आणि मागचे ड्रम एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात, एबीएसही त्या हिशेबाने. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून जास्त काम पुढची चाकं करतात. मागच्या चाकांची पकड उगाच वाढवली तर ओल्या रस्त्यावर गाडीचं शेपूट फिरू शकतं. भोकांच्या डिस्क शर्यतीसाठी ठीक, अन्नपूर्णा ते विजयनगर सिग्नल-सिग्नल जाणाऱ्या गाडीला त्यांनी काय साधणार? वर भोकांपाशी तडे जाण्याची भीती. लाल रंग हवा तर डबा आणून दे, मी बाल्कनीचा गज रंगवतो.

त्याने विचारलं, मग काहीच अपग्रेड नाही?

आहे ना, पण दिसत नाही असं. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदल. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ ऑईल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरली की १४० लाच उकळतं, आणि नळीत वाफ झाली की पेडल दाबून उपयोग नाही. गाडीच्या पुस्तकात चालत असेल तर डॉट ४ घाल, ते नवं २३० आणि ओलं १५५. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. चाकाजवळच्या रबरी नळ्या वाकवून तडे बघ. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मिस्त्रीला ती मोजायला लाव. पॅड बदलताना दोन्ही चाकांचे एकदम बदल, एकाच बाजूचे नाही. आणि टायर! शेवटी रस्त्याला तेच धरतात. गुळगुळीत टायरवर जगातला कुठलाही ब्रेक लावा, गाडी घसरणारच.

पॅड आम्ही दोघं मिळून आणले. अधिकृत दुकानातून, पार्ट नंबर पुस्तकाशी ताडून, पक्कं बिल घेऊन. दुकानदाराने सवयीने विचारलंच, "लोकल भी है, आधे में." नातू माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं आजोबा आता भाव करणार.

घरी येताना गाडीतच त्याला मानपूरची गोष्ट सांगितली. पूर्ण. मग त्याच्या आईला, म्हणजे त्या वेळी "पोचलो का?" विचारणाऱ्या माझ्या मुलीला सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, आजीला माहीत होतं. उस्ताद दवाखान्यात बघायला आले होते, तुम्ही बँकेत होतात. आजीने विचारलं तेव्हा ते फक्त 'हमसे गलती हो गई' म्हणाले. ते गेल्यावर आजी आईला म्हणाली, हा माणूस खोटं बोलतोय."

मंडळी, या ग्रुपवर महू नाका, छत्रीबाग, सुदामा नगर भागातली खूप जुनी माणसं आहेत. १९८८ च्या सुमारास महू नाक्याजवळ, निळ्या पत्र्याच्या शेडमध्ये फियाटची कामं करणारे उस्ताद कुणाला आठवत असतील, त्यांची मुलं आज कुठे आहेत हे कुणाला ठाऊक असेल, तर इथे नाव न लिहिता मला वेगळा निरोप पाठवा. आणि त्या वेळी जे शेजारी माझ्याबरोबर त्यांच्याकडे आले होते, त्यांतले दोघं ही पोस्ट वाचतील. लोकल किट मी सांगितली होती.