नगर गेले, पात राहिली

एकदा वर्गात इंग्रजीच्या धड्यात ‘स्कॅलियन’ हा शब्द आला. ‘पातीचा कांदा’ असा अर्थ सांगून मी मोकळा झालो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, ‘गुरुजी, पण त्याला असे का म्हणतात?’ मला उत्तर ठाऊक नव्हते. ‘पुढे वाच,’ म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे ते उत्तर शोधता शोधता मी एका उद्ध्वस्त नगराच्या वेशीपाशी येऊन पोचलो.

आपला शब्द सरळ आहे. संस्कृतातला कंद तो कांदा, पत्र ती पात. डोळ्यांनी पाहिले तेच जिभेने सांगितले. इंग्रजी शब्दाच्या पोटात मात्र एका गावाचे नाव दडले आहे. पॅलेस्टाइनच्या भूमीत, भूमध्य समुद्राच्या काठी अस्कलोन नावाचे प्राचीन बंदर होते. तिथल्या कांद्याची ख्याती दूरवर पसरली होती. ग्रीक पंडित थिओफ्रॅस्टस याच्या वनस्पतीग्रंथात अस्कलोनी कांदा आहे. पहिल्या शतकातला रोमन प्लिनी तर सांगतो, की त्याचे नाव त्या गावावरूनच पडले. लॅटिनमधील ‘अस्कलोनिया’ फ्रेंचांच्या तोंडी झिजला आणि इंग्रजीत ‘स्कॅलियन’ झाला. ‘शॅलट’ हा बारीक कांदाही त्याच घराण्यातला.

धर्मयुद्धांतील वीरांनी हा कांदा युरोपात नेला, अशी एक कथा सांगतात. परंतु हे नाव त्यांच्या आधी हजार वर्षांहून जुने आहे. त्या वीरांनी 1153 साली अस्कलोन जिंकले. 1187 साली सलाहुद्दिनाने ते परत घेतले. 1191 साली मात्र, ते पुन्हा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून, त्यानेच ते पाडविले. सलाहुद्दिनाला त्याचे किती दुःख झाले, हे त्याचा चरित्रकार बहाउद्दीन सांगतो. लोकांनी घरातली चीजवस्तू मातीमोलाने विकली आणि ते परागंदा झाले. पुढे तट पुन्हा उभारले गेले. 1270 साली सुलतान बैबर्सने तेही जमीनदोस्त केले.

आम्ही मुलांकडून अशा सनावळ्या पाठ करून घेतो. कोणी जिंकले, कोणी पाडले, एवढाच इतिहास. पण गावाचे नाव घरोघरच्या स्वयंपाकात जिवंत ठेवले, ते तिथल्या कांदा लावणाऱ्या अनामिक हातांनी.

तो मुलगा शाळा सोडून गेला. त्याचे उत्तर माझ्याकडे राहिले होते. ते आज दिले.