ताम्रच्युतीचे पर्यायी अर्थ : एक ऐतिहासिक आढावा

एडविन हबल यांच्या १९२९ च्या निबंधाचा उल्लेख पाठ्यपुस्तकांतून सर्रास ‘विश्वप्रसरणाचा शोध’ असा केला जातो. इतिहासाच्या दृष्टीने हे विधान सदोष आहे. दीर्घिकांचे अंतर आणि त्यांच्या वर्णपटरेषांचे तांबड्या टोकाकडे सरकणे, म्हणजेच ताम्रच्युती, यांतील प्रमाण हबल यांनी दाखविले. तिच्या अर्थाविषयी मात्र ते पुढेही सावध राहिले. प्रसरणाची सैद्धांतिक मांडणी बेल्जियन धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्येच केली होती. निरीक्षण आणि अर्थ यांतील या फटीतच पर्यायी उपपत्तींचा इतिहास घडला.

१९२९ मध्येच फ्रिट्झ झ्विकी यांनी पहिला महत्त्वाचा पर्याय मांडला. दूरचा प्रकाश वाटेतील द्रव्याशी होणाऱ्या गुरुत्वीय देवाणघेवाणीत ऊर्जा गमावतो व त्यामुळे तांबडा होतो; थोडक्यात, दीर्घिका पळत नाहीत, प्रकाश थकतो. इलेक्ट्रॉनांवरील प्रकीर्णनाचा मार्ग झ्विकी यांनी स्वतःच बाद केला होता, कारण त्यामुळे दूरच्या दीर्घिका धूसर दिसल्या असत्या.

हा वाद निकाली काढण्याचे मार्ग लवकरच सुचले. १९३५ मध्ये हबल व रिचर्ड टोलमन यांनी पृष्ठीय तेजस्वितेची कसोटी मांडली. ताम्रच्युती १ असलेल्या दीर्घिकेची पृष्ठीय तेजस्विता प्रसरणशील विश्वात १६ पटींनी घटावी, थकलेल्या प्रकाशाच्या स्थिर विश्वात केवळ २ पटींनी. १९३९ मध्ये ऑलिन विल्सन यांनी दुसरी कसोटी सुचविली : प्रसरण खरे असल्यास दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांचे उजळणे व मावळणेही लांबलेले दिसावे. तत्कालीन दुर्बिणींना दोन्ही कसोट्या पेलवणाऱ्या नव्हत्या.

पहिल्या कसोटीचे निष्कर्ष सँडेज व लुबिन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले व ते प्रसरणाच्या बाजूने गेले. परंतु दीर्घिकांच्या उत्क्रांतीचा हिशेब धरावा लागत असल्याने तो पुरावा तितकासा निखळ नाही. दुसरी कसोटी अधिक निर्णायक ठरली. डार्क एनर्जी सर्व्हेच्या सुमारे १५०० अतिदीप्त नवताऱ्यांच्या २०२४ मधील अभ्यासात काळाचे लांबणे अपेक्षित प्रमाणातच आढळले. थकलेल्या प्रकाशाच्या साध्या उपपत्तीकडे याचे उत्तर नाही.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची १९७७ मधील बदलत्या वस्तुमानाची उपपत्ती मात्र या कसोटीने बाद होत नाही, हे अनेकदा नजरेआड होते. कणांचे वस्तुमान काळानुसार वाढत असेल, तर पूर्वीच्या हलक्या इलेक्ट्रॉनांपासून निघालेला प्रकाश मुळातच अधिक तांबडा असणार आणि तेव्हाच्या आण्विक प्रक्रियाही संथ असणार. सामान्य दीर्घिकांपुरती ही मांडणी प्रसरणाचेच गणिती रूपांतर होय. (फ्रेड हॉईल प्रभृतींचा १९४८ चा स्थिर स्थिती सिद्धांत प्रसरण मान्यच करतो, त्याचा विरोध विश्वाच्या प्रारंभाला होता. या दोन भूमिकांची गल्लत टाळणे इष्ट.)

खरा मतभेद क्वासारांविषयी होता. हाल्टन आर्प (१९२७–२०१३) यांना जवळच्या दीर्घिकांशेजारी मोठ्या ताम्रच्युतीचे क्वासार आढळले. ते त्या दीर्घिकांतूनच बाहेर फेकले गेले असावेत, असे त्यांचे मत होते. नवजात द्रव्य हलके असल्यास त्याची ताम्रच्युती अधिक असणार, असा सैद्धांतिक आधार नारळीकरांच्या मांडणीतून मिळत होता. परंतु १९७९ मध्ये सापडलेल्या जुळ्या क्वासाराची ताम्रच्युती १.४१, तर त्याची दोन प्रतिबिंबे पाडणाऱ्या दीर्घिकेची ०.३६ आहे. भिंगाचे काम करणारी दीर्घिका प्रकाशस्रोताच्या अलीकडेच असावी लागते. सबब हा क्वासार तिच्या बराच मागे आहे, हे उघड होते.

आर्प यांना १९८० च्या दशकात पालोमार येथील दुर्बिणीचा वेळ नाकारण्यात आला व ते जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेत गेले. त्यांचा निष्कर्ष टिकला नाही, एवढ्यावरून तो निर्णय योग्य ठरत नाही. तो घेतला गेला तेव्हा आर्प निरीक्षणेच मागत होते. त्यांच्या १९६६ च्या ‘ॲटलास’मधील ३३८ विलक्षण दीर्घिका व दीर्घिकासमूह आजही दीर्घिकांच्या टकरींच्या अभ्यासात ‘आर्प’ क्रमांकानेच ओळखले जातात.